अंबाडी कशात शिजवावी?

पावसाळा सरता सरता नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात अंबाडीच्या जुड्या दिसू लागतात. विदर्भातली अंबाडीची भाजी तशी सोपी. पाला निवडायचा, उकळायचा, फार आंबट वाटले तर थोडे पाणी काढून टाकायचे, ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून घोटायचे आणि वरून लसूण-लाल मिरचीची सढळ तेलातली फोडणी द्यायची. सोबत भाकर. पण ही भाजी भांड्याच्या बाबतीत फार काटेकोर आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या बगुण्यात ती कळकते. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गंजात शिजवली तर गंज आतून लख्ख होतो, म्हणजे त्याचा वरचा थर भाजीत गेलेला असतो. लोखंडी कढईत ती काळी पडते आणि जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. पातळ स्टीलच्या पातेल्यात यातले काहीच होत नाही, मात्र कण्या बुडाला लागतात आणि सगळ्या भाजीला करपट वास येतो.

भांड्यांचा सगळा प्रश्न या एका भाजीत आला आहे. स्वयंपाकाच्या भांड्याला दोन कामे असतात. चुलीची उष्णता अन्नापर्यंत सारखी पोहोचवायची आणि स्वतः अन्नात उतरायचे नाही. अडचण अशी की स्वयंपाकघरातला एकही साधा धातू दोन्ही कामे चांगली करत नाही. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे 25 पट सहज वाहते, अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे 15 पट, पण आंबट पदार्थापुढे दोघांचाही निभाव लागत नाही. स्टेनलेस स्टील आंबटाला दाद देत नाही, पण उष्णता जिथल्या तिथे धरून बसते. भांडी घडवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खटपट या दोन गुणांना एका भांड्यात आणण्यासाठी चालली आहे, आणि ती कळली की दुकानात काय मागायचे हेही कळते.

नागपूर परिसराला ही खटपट फार जुनी ओळखीची आहे. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला 1978 ते 1980 या काळात उत्खनन झाले, तेव्हा लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली. ती इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. माहूरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे महापाषाणयुगीन लोकांच्या दफनांत, लोखंडी अवजारांबरोबर तांब्याच्या वस्तूही मिळाल्या. लोखंड आणि तांबे या दोन्ही धातूंशी या मातीतल्या माणसांचा घरोबा अडीच हजार वर्षांहून जुना आहे.

पितळेचे नाव निघाले की विदर्भात भंडाऱ्याकडे बोट जाते. नागपूरच्या शेजारचा हा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तिथल्या कासारांनी घडवलेली भांडी, गुंड, घागरी, पराती कितीतरी घरांच्या माळ्यावर आजही असतील. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. उष्णता छान वाहते, बूड जाड असले तर पुरण तासभर आटवले तरी लागत नाही. पण आंबट, खारट किंवा ताकाचा पदार्थ त्यात ठेवला की तांबे सुटते, हिरवट थर येतो आणि अन्न कळकते. सक्करदऱ्यातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे शिकवल्या जाणाऱ्या रसशास्त्रात विषाला एक दोष आणि अशुद्ध तांब्याला आठ दोष सांगितले आहेत, आणि त्यांत वांती व भोवळ हेही येतात. कळकलेले ताक प्यायलेल्या माणसाला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

यावरचा उपाय कल्हई. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून फिरवून घ्यायचे. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून हे काम रस्त्याकडेच्या भात्यावरही होते. आत कथील, बाहेर पितळ: अन्नाला लागतो तो धातू निराळा आणि उष्णता वाहणारा निराळा. याच 232 अंशांमुळे कल्हईच्या भांड्याचे दोन नियम ठरतात. ते रिकामे आचेवर ठेवायचे नाही, आणि त्यात कडक तेलात तळण करायचे नाही. कथील वितळून सरकते. वरण, भात, खीर, पुरण, पाण्याचे सगळे पदार्थ यात करावेत. आतून पिवळे किंवा तांबूस डाग दिसू लागले की कल्हई पुन्हा करायची. कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे का, त्यात शिसे मिसळलेले नाही ना, हे स्पष्ट विचारावे. स्वस्त कल्हई करून घेण्यात शहाणपण नाही, कारण शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधते.

तांब्याच्या भांड्यात नुसते साधे पाणी ठेवायला मात्र कल्हई लागत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाब घडवणारे जिवाणू नष्ट झाले आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिले. त्या पाण्यात लिंबू पिळले की ही हमी संपते.

आता जर्मन. अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडे अजून याच नावाने हाक मारतात. धातू स्वस्तात मिळवण्याची विजेची पद्धत 1886 मध्ये सापडली आणि बारा वर्षांतच, 1898 मध्ये, आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. हलके, स्वस्त, झटकन तापणारे, कल्हईची कटकट नाही. गरीब घरांना या धातूने मोठा आधार दिला, हे विसरून त्याला नावे ठेवणे मला पटत नाही. सपाट आणि जाड अ‍ॅल्युमिनियममध्ये दूध, भात, पोहे निर्धास्त करता येतात. पाणी उकळून गंज आतून काळा पडतो तो थर घातक नसतो. तो चिंचेने घासून काढण्याचा हट्टच उलट नवा धातू उघडा करतो. अंबाडी, टमाट्याचा रस्सा, चिंचेचे सार, कढी मात्र यात करू नये, आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत हेच सांगितले आहे: चटणी-सांबारासारखे आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत साठवू नयेत.

खरा धोका आहे भंगारातून ओतलेल्या बिनछापाच्या भांड्यांचा. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीत निर्वासित अफगाण कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले; शोध घेता घेता आरोग्य खात्याचे लोक घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांपर्यंत पोहोचले. हा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला. आपल्याकडे भारत सरकारने 2024 मध्ये स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी मानक चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला. जर्मनचे भांडे घेताना तेवढे एक चिन्ह शोधावे आणि ते नसेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

स्टेनलेस स्टीलवर थोडे थांबायला हवे, कारण आज घरातली बहुतेक भांडी त्याची आहेत आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दल आहेत. दुकानात हा संवाद नेहमी ऐकू येतो. "भाऊ, हे स्टील चांगलं आहे ना?" "काकू, हे घ्या चुंबक, लावून पाहा. चिकटते का? नाही ना? मग असली माल आहे." काकूंचे समाधान होते. प्रत्यक्षात चुंबक अर्धेच सांगते. लोखंडात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल मिसळले की 304 नावाचे स्टील होते. ते चुंबकाला धरत नाही आणि आंबट-खारटाला उत्तम टिकते. निकेल महाग असल्याने त्यातले बरेचसे काढून जागी मँगनीज घातले की 202 सारखे दोनशेच्या घरातले स्टील होते. तेही चुंबकाला धरत नाही. दिसायला हुबेहूब, पण मीठ-पाण्यापुढे थोडे कमी टिकाऊ. म्हणजे चुंबकाने या दोघांतला फरक कळणारच नाही. भांड्याच्या बुडाशी 304 किंवा 18/8 असा छाप आहे का पाहावा आणि पक्क्या बिलावर तसे लिहून घ्यावे.

या मँगनीजची गोष्ट नागपूरकराला जवळची आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट हा देशातला मँगनीजचा मोठा पट्टा. 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने सुरू झालेला खाण-उद्योग आज मॉइल म्हणून नागपुरातूनच चालतो. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या त्याच्या खाणी. दोनशेच्या घरातले स्टील खराब आहे असे समजू नये. ताटे, वाट्या, डबे, पाण्याचे पिंप यांना ते पुरेसे आहे आणि खिशालाही परवडते. ज्यात आंबट उकळायचे आणि मीठ घालून शिजवायचे, त्या भांड्याला मात्र 304 घ्यावे.

स्टीलचा दुसरा प्रश्न बुडाचा. पातळ स्टीलच्या पातेल्यात बर्नरची ज्योत जिथे लागते तेवढेच कडे तापते, कारण उष्णता बाजूला पसरतच नाही. दूध लागते, पुरण करपते, बेसन खाली जळते आणि वर कच्चे राहते. यावर आजचा उपाय म्हणजे तीन थरांचे भांडे: आत अन्नाला लागणारे 304, मध्ये उष्णता पसरवणारे अ‍ॅल्युमिनियम, बाहेर चुंबकाला धरणारे 430 स्टील. कासाराने कल्हई करून जे साधले तेच हे. फरक एवढाच की हा थर उडत नाही आणि पुन्हा करावा लागत नाही. बाहेरच्या 430 मुळे ते इंडक्शनवरही चालते, आणि तिथे काकूंचा नियम उलटा होतो: बुडाला चुंबक चिकटलेच पाहिजे. काही भांड्यांत फक्त बुडाला असा थर असतो. वरण-भाताला तेवढा पुरतो; कढईत मात्र कडेपर्यंत थर हवा, कारण परतताना भाजी कडेला टेकते. घरी तपासायचे असेल तर कोरड्या कढईत कणकेचा पातळ थर पसरून मंद आचेवर ठेवावा. कणीक सगळीकडे सारखी तांबूस झाली तर बूड चांगले; मध्ये काळे कडे उमटले तर ते भांडे चहापाण्यापुरतेच ठेवावे.

स्टीलची निगा सोपी. थंड पाण्यात मीठ टाकून ठेवू नये. ते तळाशी बसते आणि बारीक खड्डे पडतात, म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घालावे. निळसर-जांभळी झाक आली तर लिंबाने जाते, ती अपायकारक नसते. आणि स्टीलला पदार्थ चिकटतो ही तक्रार बहुधा घाईची असते: भांडे आधी मध्यम आचेवर तापू द्यावे, मग तेल, मग भाजी.

लोखंडाबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, आणि त्याला विदर्भाचे कारण आहे. ते म्हणजे जवस. कोष्टी समाजाचा सावजी रस्सा पूर्वी जवसाच्या तेलात होत असे. जवसाची चटणी अजून घरोघरी असते, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधन होते. या तेलातल्या मेदाम्लांत निम्म्याहून अधिक वाटा अशा एका आम्लाचा असतो, जे हवेतला प्राणवायू घेऊन आपसांत गुंफले जाते आणि कडक पापुद्रा होते. चित्रकार तैलरंगात जवसाचे तेल वापरतात आणि मुले क्रिकेटच्या बॅटीला लावतात ते याच गुणासाठी. लोखंडी तवा मुरवणे म्हणजे हाच पापुद्रा लोखंडावर बसवणे. एकदा तो बसला की गंज चढत नाही आणि धिरडेही अलगद सुटते.

रीत अशी. नव्या तव्याला किंवा कढईला कारखान्याचे तेल लागलेले असते, म्हणून गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून काढावे. आचेवर पूर्ण कोरडे करावे. खायचे, घाण्याचे जवस तेल फडक्याने आतबाहेर लावावे आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने, जणू ते चुकूनच लागले होते असे, सगळे पुसून काढावे. खिडकी उघडी ठेवून धूर थांबेपर्यंत तापवावे, थंड होऊ द्यावे, आणि हे तीनचार वेळा करावे. थर जाड दिला तर चिकट होतो आणि पुढे खपल्या निघतात. रंगाच्या दुकानातले जवस तेल कदापि वापरू नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात. जवस नसेल तर शेंगदाण्याच्या तेलानेही तवा मुरतो, वेळ थोडा जास्त लागतो.

पत्र्याचा तवा आणि बिडाचा तवा यांत निवडायचे झाले तर भाकरीला पत्र्याचा, धिरडी-डोशाला बिडाचा. बीड जड असते, उशिरा तापते, पण एकदा तापले की गार पीठ ओतले तरी ताप सोडत नाही. ते ठिसूळही असते; फरशीवर पडले तर तडकते. मनगट दुखणाऱ्या आजींना बिडाची मोठी कढई देऊ नये. गुण कितीही असले तरी उचलता न येणारे भांडे शेवटी ओट्याखाली जाते.

लोखंडाची कढई शरीरालाही काही देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. इथिओपियातल्या मुलांवर केलेला आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की लोखंडी भांड्यातले जेवण मिळालेल्या मुलांचे रक्त अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातले जेवणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारले. पदार्थ जितका ओला आणि आंबट तितके लोखंड जास्त उतरते. मेथी, पालक, झुणका, मोकळी डाळ लोखंडी कढईत करावी आणि झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढावी. झुणक्याची बुडाशी बसलेली खरवड तर याच कढईतली खावी, दुसऱ्या कुठल्याही भांड्यात ती तशी होत नाही. एक इशारा विदर्भात द्यायलाच हवा. इथे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. ज्यांना सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात आधीच लोह साचलेले असते. अशा घरात लोखंडी भांड्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. टेफ्लॉनचा शोध 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांना योगायोगाने लागला. अंड्याला आणि कमी तेलाच्या धिरड्याला ते सोयीचे आहे, पण आपल्या फोडणीच्या आचेला नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच त्याच्या मर्यादेपलीकडे तापतो. पोषण संस्थेने तर 170 अंशांच्या वर सावध राहायला सांगितले आहे. लोखंडी सराटा त्याला लागू देऊ नये आणि खरवडलेला थर दिसला की तवा बाद करावा.

कुकर हा घरातला सगळ्यात कष्टाळू सोबती. आत दाब वाढल्याने पाणी 100 ऐवजी सुमारे 121 अंशांना उकळते, म्हणून तूर लवकर शिजते. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातला चुना डाळीला कडक ठेवतो. डाळ पिण्याच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात लावली तर शिट्ट्या कमी लागतात. शिट्टी सुरू झाली की आच बारीक करावी. मोठ्या आचेने आतले पाणी 121 च्या वर जात नाही, फक्त वाफ आणि गॅस वाया जातो. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालावे: आंबटात डाळ शिजत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकरही खराब होतो. रबर कडक झाले, शिट्टीची नळी तुंबली, सुरक्षा झडपेच्या जागी भलताच सुटा भाग बसला, तर तो कुकर त्या दिवसापासून वापरू नये. घरगुती कुकरवर मानक चिन्ह असणे सक्तीचे आहे.

लग्नात किंवा दिवाळीत मिळणारे पंधरा नगांचे संच मी कोणाला सुचवत नाही. त्या किमतीत बूड पातळ होते आणि नग वाढतात. तेवढ्याच पैशात एक तीन थरांचे पातेले, एक लोखंडी कढई आणि एक चांगला तवा येतो, आणि उरलेली भांडी गरज पडेल तशी घेता येतात. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत जुनी भांडी मोडीत देऊन फरकाचे पैसे भरण्याची पद्धत आहे. तिथे तराजूवर काय ठेवायचे ते आधी घरी ठरवावे. खड्डे पडलेले, बूड वाकलेले जर्मनचे गंज आणि पातळ स्टीलची पातेली आधी द्यावीत. आजीचे जाड पितळी बगुणे मोडीत वजनाच्या भावाने जाते. त्याच्या घडणीचे पैसे कोणी देत नाही, आणि तेवढ्या जाडीचे नवे घ्यायला गेले तर त्याहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. त्याला कल्हई करून आणावी आणि येत्या पोळ्याचे पुरण त्यात शिजवावे.